म्हातारीचा बूट आला कुठून? गोष्टींच्या बागांचा इतिहास आणि तुमच्या गावची बाग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेनं सव्वा एकर जागा बालोद्यानासाठी राखली आहे, तिथे गोष्टींवर आधारलेली बाग करायची आहे आणि 'मुंबईच्या म्हातारीच्या बुटासारखं काहीतरी हवं' असं बैठकीत ठरलं आहे. अशा बागांची कल्पना मुळात कुठली, ती कुणी उभी केली आणि त्यातलं आपण काय घ्यावं, हे तुम्हाला हवं आहे. गेली सत्तावीस वर्षं मी उद्यानरचनेचं काम करते, त्यातलं बरंचसं मुलांच्या बागांचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुटापासूनच सुरुवात करू. तो आहे मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात: मुलांना आत शिरून वर चढता येईल असं बुटाच्या आकाराचं घर. हे पार्क १९५२ सालचं, जेमतेम ४ एकरांचं. समोर हँगिंग गार्डन, खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान. बुटामागे एक इंग्रजी बडबडगीत आहे: एक म्हातारी बुटात राहते, तिला इतकी पोरं की काय करावं हे तिला उमजत नाही. हे गीत अठराव्या शतकाच्या अखेरीस छापलं गेलं. पण मी गिरगावातली. आत्या आम्हाला रविवारी तिथे न्यायची तेव्हा हे गीत आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्हाला म्हातारी माहीत होती ती एकच, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ झालेली आणि 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत परत येणारी. मला कितीतरी वर्षं खात्रीनं वाटायचं की हे तिचंच घर. जंगलातून सुखरूप आली, भोपळा दाराशी ठेवला आणि बुटात राहायला लागली. आतला जिना चढून वरच्या खिडकीतून आत्याला हात करताना मी गोष्टीतल्या वाघाला 'कसं फसवलं!' असं ओरडल्याचं मला आजही आठवतं.

हे आठवणीपुरतं सांगत नाही. बूट बांधणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात ठेवली होती आणि आम्ही पोरांनी त्यात दुसरीच नेऊन बसवली. वास्तू तरीही कामाची ठरली, कारण तिला आत जायला वाट होती, वर चढायला जिना होता आणि खिडकीशी उभं राहिलं की आपण कुणीतरी होतो. गोष्टीच्या बागेबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच. गोष्ट आपण अर्धी बांधायची, उरलेली मुलाच्या अंगानं पुरी व्हायला हवी.

आता इतिहास. मुंबईच्या बुटाच्या दोन वर्षं आधी, २ सप्टेंबर १९५० ला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात 'चिल्ड्रन्स फेअरीलँड' सुरू झालं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींच्या बागांपैकी ही एक, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. गंमत म्हणजे तिच्या प्रवेशद्वारीही म्हातारीचा बूटच आहे. बुटाच्या आतून बागेत शिरायचं, आणि ती वाट मुलांच्या मापाची असल्यानं मोठ्या माणसाला वाकावं लागतं.

कल्पना होती आर्थर नॅव्हलेट नावाच्या माणसाची. हे ओकलंडचे रोपवाटिकावाले. लेक मेरिट तळ्याच्या काठच्या लेकसाइड पार्कमध्ये मुलांसाठी काहीतरी करावं असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. १९४७ मध्ये ते डेट्रॉइटला गेले असता बेल आइल बेटावर त्यांनी बडबडगीतांच्या कल्पनेवर सजवलेलं मुलांचं छोटं प्राणिसंग्रहालय पाहिलं. त्यांच्या डोक्यात आलं की असंच, पण कितीतरी मोठं, मुलांना आत शिरता येईल आणि वर चढता येईल असं करायचं. तळ्याच्या आणि बागेच्या सुधारणेसाठी झटणारी 'लेक मेरिट ब्रेकफास्ट क्लब' ही नागरिकांची मंडळी होती. नॅव्हलेट आधी त्यांच्याकडे गेले, मग शहराच्या उद्यान विभागाचे प्रमुख विल्यम पेन मॉट ज्युनिअर यांच्याकडे. दोघांनी मिळून ओकलंडच्या लोकांकडून आणि देणगीदारांकडून ५०,००० डॉलर उभे केले.

मॉट यांच्याबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाच गृहस्थ पुढे कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांचा प्रमुख झाला आणि १९८५ ते १९८९ अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा संचालक. इतक्या मोठ्या जंगलांचा कारभार पाहणाऱ्या माणसानं आधी तीन डुकरांच्या घरांसाठी शहरात वर्गणी गोळा केली होती. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना हे जरूर सांगा.

रचना विल्यम रसेल एव्हरिट या कलावंत-वास्तुकाराची. एव्हरिटनी आधी नीटनेटक्या, सरळ भिंतींच्या घरांची छोटी मॉडेलं आणून दाखवली. ती फारच चाकोरीतली वाटतात असं समोरून आल्यावर ते नाराज होण्याऐवजी खूष झाले. कारण त्यांना करायचं होतं ते वेगळंच, फक्त तसं कुणी मान्य करील असं वाटत नव्हतं. मग त्यांनी सुरुवातीच्या १७ वास्तू केल्या आणि त्यांत सरळ रेघ ठरवून टाळली. भिंती फुगलेल्या, छपरं कललेली, पृष्ठभाग खडबडीत, रंग नेहमीच्या घरांना कधी नसतात असे.

ही सरळ रेघ टाळण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिचं कारण निव्वळ दिखाऊ नाही. लहान मूल शाळेत, घरात, दवाखान्यात, सगळीकडे काटकोनांत वावरतं. वाकडी भिंत दिसली की हात आपोआप तिच्यावर फिरतो, पाठ टेकवून बघावीशी वाटते, पाय ठेवायला जागा सापडते. मी बागेत बसून मुलांना तासन्‌तास पाहिलं आहे. सरळ भिंतीला मुलं वळसा घालतात, फुगीर भिंतीला मिठी मारतात. बांधकामाच्या दृष्टीनंही हे आपल्याला अवघड नाही. सळयांचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा, हे काम आपले गवंडी उत्तम करतात. अडचण येते ती अंदाजपत्रकात, कारण वाकड्या भिंतीचा दर दरसूचीत सापडत नाही आणि म्हणून ती नकाशातच सरळ केली जाते. तसं होऊ देऊ नका.

प्रवेशाला तिकीट होतं, मुलाच्या वयाप्रमाणे ९ ते १४ सेंट. आणि एक नियम आजतागायत आहे: मोठ्या माणसाला मुलाशिवाय आत प्रवेश नाही, मुलाला मोठ्या माणसाशिवाय नाही. सुरक्षेसाठी तो आहेच, पण त्यामुळे ती जागा कुणाची हे दारातच ठरून जातं.

या बागेची ख्याती लगेच देशभर झाली. १९५० मध्येच वॉल्ट डिस्ने ती पाहून गेले. तेव्हा ते स्वतःच्या उद्यानाच्या विचारात होते आणि ठिकठिकाणच्या जागा पाहत होते. डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला. 'डिस्नेलँड फेअरीलँडवरून आलं' असं सरसकट बोललं जातं, ते मला जास्तीचं वाटतं, कारण डिस्नेंनी पाहिलेल्या अनेक जागांपैकी ती एक होती. पण एक दुवा पक्का आहे. फेअरीलँडच्या पहिल्या संचालिका डोरोथी मेन्स यांना डिस्नेंनी आपल्याकडे बोलावून घेतलं आणि त्या डिस्नेलँडच्या सुरुवातीपासून १९७२ पर्यंत तिथे मुलांचे कार्यक्रम पाहत होत्या. मुलांची जागा चालवायची तर वास्तुकाराइतकाच रोज तिथे उभा राहणारा जाणता माणूस लागतो, हे डिस्नेंना कळलेलं होतं.

बाग वाढत गेली तशी तिच्यात गोष्ट सांगणारी माणसं आली. १९५६ मध्ये तिथे बाहुल्यांचं नाट्यगृह सुरू झालं. अमेरिकेत सर्वांत जास्त काळ अखंड चालू असलेलं बाहुलीनाट्यगृह म्हणून ते ओळखलं जातं. पुढे 'मपेट्स' या प्रसिद्ध दूरचित्रवाणी-बाहुल्यांमधली मिस पिगी ज्यांच्या हातानं हलू-बोलू लागली ते फ्रँक ऑझ, शाळकरी वयात इथेच उमेदवारी करत होते.

आणि मग आली जादूची किल्ली. १९५८ ची गोष्ट. ब्रूस सेडली हे तिकडच्या दूरचित्रवाणीवर मुलांचे कार्यक्रम करणारे गृहस्थ. त्यांनी अशी युक्ती काढली की प्रत्येक वास्तूपाशी एक पेटी असावी, मुलानं आपली किल्ली तिच्यात फिरवली की ध्वनिमुद्रित आवाज ती गोष्ट सांगू लागेल. दिसायला साधं यंत्र, पण त्यात केवढा विचार आहे बघा. गोष्ट आपोआप वाजत राहत नाही. मूल येतं, किल्ली लावतं, तेव्हा ती सुरू होते. सुरू करणारं ते, थांबून ऐकायचं की पळायचं ते ठरवणारंही तेच. किल्ली घरी न्यायची आणि पुढच्या खेपेला परत आणायची. लहानपणी घेतलेली किल्ली जपून ठेवून नातवंडांना घेऊन येणारी माणसं तिथे आहेत, आणि त्या जुन्या किल्ल्या अजून चालतात. आपल्याकडच्या कितीतरी बागांत भोंग्यावर दिवसभर एकच गाणं लावून ठेवलेलं असतं. तो भोंगा बंद करून अशा चार पेट्या बसवा, खर्च फारसा वाढत नाही.

ओकलंडचं पाहून कॅलिफोर्नियातच सॅक्रमेंटोनं १९५९ मध्ये 'फेअरीटेल टाउन' केलं, सॅन होजेनं १९६१ मध्ये 'हॅपी हॉलो', फ्रेस्नोनं १९६२ मध्ये 'स्टोरीलँड'. या तिन्ही बागा त्या त्या शहरांच्या सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि तुम्ही करताय त्याच्याशी त्यांचं नातं डिस्नेलँडपेक्षा जवळचं आहे.

युरोपात याच काळात वेगळ्या वाटेनं एक काम झालं. नेदरलँड्समध्ये काट्सहाउवेल गावाजवळ एफ्टेलिंग उद्यानात १९५२ मध्ये, म्हणजे आपल्या बुटाच्याच वर्षी, 'परीकथांचं वन' उघडलं. सुरुवातीला दहा गोष्टी. चित्रं आणि कल्पना अँटन पीक या चित्रकाराच्या, यंत्रं पीटर रेनडर्स यांची. पीक यांचा आग्रह होता की साहित्य खरं हवं. वीट तर वीट, लाकूड तर लाकूड. नकली दगडाचा पत्रा त्यांना चालत नसे. आज सत्तरहून अधिक वर्षं झाली तरी ते वन जुनं दिसतं, जीर्ण दिसत नाही. यातला फरक आपल्या हवेत आणखीच जाणवतो, कारण तीन उन्हाळ्यांत फायबरचा रंग उडतो आणि सशाचा कान तुटला की आतली जाळी बाहेर येते.

त्याच एफ्टेलिंगमध्ये १९५९ पासून एक लठ्ठ पोट्या आहे, होल्ले बोल्ले खाइस. तो तोंड उघडून बसतो आणि ओरडतो, 'कागद इकडे!' मुलं कचरा शोधून आणतात, त्याच्या तोंडाशी धरतात, तो आत ओढून घेतो आणि आभार मानतो. कचऱ्याचा डबा आहे तो. 'कचरा टाकू नये' अशी पाटी लावण्यापेक्षा एक भुकेला राक्षस बसवणं किती शहाणपणाचं! आपला भीम बकासुराकडे गाडाभर अन्न घेऊन निघाला होता हे प्रत्येक पोराला माहीत आहे. तुमच्या बागेत कचरा खाणारा बकासुर का नसावा?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९५९ पासून 'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतल्या ॲलिसचं ब्राँझचं शिल्प आहे. जॉर्ज डेलाकोर्ट यांनी पत्नीच्या आठवणीसाठी होझे द क्रीफ्ट यांच्याकडून ते करून घेतलं. मुलांनी चढावं म्हणूनच ते केलेलं आहे, आणि साठ-पासष्ट वर्षांच्या हातापायांनी त्याचे काही भाग घासून लखलखीत झाले आहेत. आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी कठड्याची मागणी येते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

स्पेनमधल्या वॅलेन्सियाचं उदाहरण मात्र मला सगळ्यांत धाडसी वाटतं. १९५७ च्या महापुरानंतर तिथे तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेरून वळवला आणि जुन्या कोरड्या पात्रात बाग केली. त्या बागेत १९९० च्या डिसेंबरात गलिव्हर आला, म्हणजे बोटभर माणसांच्या लिलिपुट बेटावर जाऊन पडलेला गोष्टीतला प्रवासी. किनाऱ्यावर आडवा पडलेला, दोरांनी जखडलेला, ७० मीटर लांब. त्याच्या कोटाच्या घड्या म्हणजे घसरगुंड्या, केस म्हणजे उतार, दोर म्हणजे चढायच्या वाटा. मूल त्याच्या छातीवर चढलं की आपोआप लिलिपुटचं माणूस होतं, कुणी सांगावं लागत नाही. वास्तुकार राफाएल रिव्हेरा, चित्रकार सेंतो योबेल आणि प्रत्यक्ष घडवणारे मानोलो मार्टिन. हे मार्टिन त्या शहरातल्या फायास उत्सवाचे कारागीर. तिथे दरवर्षी प्रचंड पुतळे करून शेवटी जाळतात, त्यामुळे मोठी आकृती उभी करण्याचं कसब शहरात मुरलेलं आहे. उत्सवाच्या कारागिरांचं कसब त्यांनी बागेसाठी वापरलं. तुमच्या तालुक्यात गणपतीचे मूर्तिकार असतील, देखावे करणारे असतील. वर्षातले सहा महिने त्यांच्या हाताला काम कमी असतं. शहरातून तयार फायबरचे प्राणी मागवण्याआधी त्यांच्या कारखान्यात जाऊन बसा.

आता माझी चूक सांगते. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका नगरपरिषदेसाठी मी पंचतंत्राची बाग केली. बारा गोष्टी, बारा देखावे, प्रत्येकापुढे कठडा आणि पाटी. उद्‌घाटनाला सगळ्यांनी कौतुक केलं. महिन्याभरानं मी सहज संध्याकाळी गेले. मुलं पाच मिनिटांत सगळे देखावे पाहून झोपाळ्यांकडे पळत होती. फक्त एका ठिकाणी गर्दी होती, माकड आणि मगरीच्या देखाव्यापाशी. तिथला कठडा कुणीतरी वाकवला होता आणि मगरीच्या पाठीवर चार मुलं बसली होती. पुढचं माकड झालं होतं, मागची 'काळीज झाडावर राहिलं!' असं ओरडत होती. बारांपैकी अकरा गोष्टी मी पाहण्यासाठी केल्या होत्या. बारावी मुलांनी स्वतः खेळायची करून घेतली. त्यानंतर मी एकाही गोष्टीपुढे कठडा घातलेला नाही.

म्हणून तुमच्या यादीबद्दल स्पष्ट लिहिते. तुम्ही ससा-कासव, कोल्हा-द्राक्षं, टोपीवाला-माकडं असे चौदा पुतळे सुचवले आहेत. सव्वा एकरात चौदा नकोत. तीन किंवा चार जागा करा, पण आत शिरता येतील अशा. माझी निवड विचाराल तर पहिली चिमणी-कावळ्याची. मेणाचं घर आणि शेणाचं घर, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर. चिमणीच्या घराला खराखुरा उघडमिट होणारा दरवाजा आणि त्यात एक झरोका. आत एक मूल, बाहेर एक मूल. बाहेरचं म्हणणार 'चिऊताई, चिऊताई, दार उघड', आतलं म्हणणार 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते'. ही गोष्ट मुळात दाराशीच घडते, तिला पुतळा लागतच नाही. दुसरी जागा भोपळ्याची: तीन मुलं मावतील असा, दोन्ही बाजूंनी उघडा भोपळा, उताराच्या माथ्यावर, आणि उतारावर लोळायला हिरवळ. वाघ-कोल्हा वाटेत उभे करू नका. वाघ व्हायला मुलं तयार असतात.

मापांचं थोडं. दारं चार फुटांची ठेवा, म्हणजे मुलाला ताठ चालता येतं आणि मोठ्याला वाकून का होईना आत जाता येतं. मूल आत पडलं, घाबरलं तर आई तिथे पोचली पाहिजे. गज, पायऱ्या, झरोके यांमधल्या फटी साडेतीन इंचांहून कमी किंवा नऊ इंचांहून जास्त असाव्यात. मधल्या मापात मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. चढायच्या प्रत्येक जागेखाली फरशी नको, वाळू हवी आणि ती दर महिन्याला उकरून सैल करायला हवी. वास्तूला निदान दोन वाटा हव्यात, एक वाट असली की मोठी मुलं लहानांना कोंडतात.

निगा हा विषय अंदाजपत्रकात शेवटी येतो आणि बहुतेक बागा तिथेच हरतात. ओकलंडची बाग १९९४ पासून शहराऐवजी स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. तुमच्याकडे लगेच तसं होणार नाही, पण बांधकामाच्या ठरावातच निगेची तरतूद आणि एका कायम माणसाचं पद लिहून घ्या. तो माळी असो, निवृत्त शिक्षिका असो, मुलांच्या वेळेत तिथे असणारं आणि मुलांची नावं माहीत असलेलं माणूस हवं. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून मुलांच्या इतक्या पिढ्यांना लक्षात राहिली, ती कुणीतरी ती आगगाडी रोज चालवत राहिलं म्हणून.

नकाशा काढण्याआधी एक करा. त्या मोकळ्या जागेवर सात-आठ मुलांना घेऊन जा, सोबत मोठी खोकी, जुनी चादर आणि दोरी द्या. चिमणी-कावळ्याची गोष्ट एकदा सांगा आणि लांब जाऊन बसा. चिमणीचं घर ती कुठे बांधतात, दार कुठल्या दिशेला ठेवतात, कावळा कुठून येतो, हे टिपून घ्या. तो कागद मला पाठवा, त्यावरून पहिला आराखडा मी काढून देते.